खिडकीवालीचे तिकीट शेवटी

सत्यवतीकाकींना सुदेश पहिल्यांदा भेटला तेव्हा तो अडीच तास रांगेत उभा होता. रांगेत तो एकटाच होता.

कुडाळात त्याचे संगणक दुरुस्तीचे दुकान. वालावलच्या अलीकडच्या एका वाडीतून फोन आला, “लॅपटॉप चालत नाय, येवन बघ.” सुदेश स्कूटर काढून गेला. वाट संपली, घरापुढचे खळे, म्हणजे अंगण, लागले, आणि खळ्यात त्याने पाऊल ठेवले तोच पडवीच्या खिडकीतून असा काही आवाज आला, की माडावरची दोन शहाळी आपणहून खाली उतरली, खाडीपलीकडच्या मळ्यातल्या बैलांनी औत जागच्या जागी थांबवले आणि सुदेशच्या स्कूटरचे इंजिन कुणी हात न लावता बंद पडले.

“रांगेत ऱ्हव.”

सुदेशने मागे बघितले. मागे एक कोंबडी होती, तीही सरळ रेषेत आली होती.

“काकी, हंय माझ्याशिवाय कोणच नाय.”

“मगे तू पयलो. पयलोसुद्धा रांगेतच आसता.”

मग खिडकीच्या गजांमागे चष्मा आला, चष्म्यामागे काकी आल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावरून मागे नजर टाकली, रांग केवढी आहे याचा अंदाज घेतला आणि विचारले, “खंय जावचा?”

“खंय नाय. तुमच्याकडेच इलंय. लॅपटॉप बघूक.”

“मगे आदी सांगूचा नाय? दारातसून ये. ही खिडकी तिकिटांची.”

अडीच तास हा सुदेशचा आकडा. घड्याळाने तीन मिनिटे झाली असतील. पण ती तीन मिनिटे ज्यांनी काकींच्या खिडकीपुढे काढली आहेत, ते सुदेशला खोटे ठरवणार नाहीत.

काकींनी उणीपुरी एकतीस वर्षे एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीत काढली होती. आमच्या मुलखात देवळातला पहिला मान कुणाचा यावरून भावकीतली माणसे तीन-तीन पिढ्या एकमेकांच्या घरचे पाणी पीत नाहीत. पण त्या खिडकीपाशी मान एकच, आधी आलेल्याचा. देवस्थानचे मानकरी एकदा बाजूने हात घालून “सत्यवती, दोन मुंबई” म्हणाले, तेव्हा काकींनी त्या हाताला, फक्त हाताला, उत्तर दिले होते, “रांगेच्या शेवटाक जावा, येताना बाकीचे मानकरी घेवन येवा.” हात निमूट मागे गेला.

दुसऱ्यांना लावलेला नियम त्यांनी स्वतःला दुप्पट लावला. खिडकीवालीचे तिकीट शेवटी. लग्न झाल्यावर पहिल्यांदा माहेरी जायचे तिकीटही त्यांनी खिडकी बंद करताना, उरलेल्या जागांतून बघितले. जागा उरली नव्हती. नवी नवरी रत्नागिरीपर्यंत उभ्याने गेली आणि वाटेत दोघांना पुढे सरका म्हणून सांगितले.

निवृत्त झाल्यावर एसटीने त्यांना शाल आणि नारळ दिला, खिडकी दिली नाही. ती त्यांनी घरी तयार केली. पडवीच्या खिडकीशी टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि बाहेर खळ्यात वाडीतली माणसे. सातबारा, हयातीचा दाखला, कॉलेजचा अर्ज, काय असेल ते काकी भरून देत. पण वर्षातली खरी लढाई एकच, गणपतीची रेल्वेची तिकिटे. वाडीतल्या चार घरांची मुलेबाळे मुंबईकडे. चतुर्थीला त्यांनी घरी पोचायचे, तर साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला आरक्षण उघडते आणि चहा गाळून होईपर्यंत संपते. चारही घरांची खाती वेगळी, घरच्या कर्त्याच्या नावाची. ओटीपी ज्याच्या त्याच्या फोनवर. म्हणून त्या दिवशी चार कर्ते आपापला फोन छातीशी धरून, पिंडदानाला बसल्यासारखे गंभीर होऊन, खळ्यात रांगेत उभे राहत. आधी दाजीचे घर, मग लवूचे, मग महादूचे, मग गुरुदासचे. सगळ्यांत शेवटी काकींचे स्वतःचे. त्यात प्रवासी एकच, मुलगी संचिता.

आणि इथेच घोडे अडले होते. तीन वर्षे झाली, काकींची पाळी येईपर्यंत जागा संपत होत्या. तीन गणपती संचिता घरी आली नव्हती. घरात दुसरे कोणी नाही. काका गेल्यापासून दीड दिवसाचा गणपती काकी एकट्या करत. एका हाताने आरती धरायची आणि दुसऱ्या हाताने घंटा, तोंडाने आरती म्हणायची आणि चुकले तर स्वतःलाच दटावायचे.

संचिताने बसने यावे, असे कोणीही म्हणेल. पण नियती म्हणून काही असते. एसटीवालीच्या पोटची मुलगी, तिला बस लागे. ठाण्याहून निघाली की पनवेलच्या आत लिंबू संपे, आणि पुढचे सांगण्यासारखे नसे. जीप लागे. मामाच्या मोटारीत मागे बसून ती एकदा सावंतवाडीला गेली होती. मामाने ती मोटार पुढल्याच महिन्यात विकली. तिला एक रेल्वे तेवढी चाले.

सुदेश सात वर्षे त्या घरी येत होता, त्यामुळे हे सगळे त्याला ठाऊक होते. तिकिटे का मिळत नाहीत, हेही ठाऊक होते. दोष काकींच्या बोटांचा नव्हता, ब्राउझरचा होता. सात वर्षांपूर्वी त्यानेच घालून दिलेला, तेव्हा तरणाबांड होता. आता तिकिटांची साइट त्यात उघडताना कण्हायची. वर पिवळी पट्टी येई, तुमचा ब्राउझर जुना झाला आहे म्हणून. ‘पुढे’चे बटण अर्धे पानाबाहेर जाई. काकी पान लहान करून, बाण कोपऱ्यात नेऊन, सशाला पकडावे तसे ते पकडत.

जून महिन्यात एकदा प्रिंटर बघायला आलेला असताना सुदेशने विषय काढला.

“काकी, ह्यो ब्राउझर म्हातारो झालो. दुसरो घालूया. बिनपैशाचो आसता, धा मिनटांचा काम.”

“म्हातारी मीव आसंय. उद्या माकाव बदलतलंस?”

“साइट उघडताना रडता तो.”

“रडता, पण उघडता. तुझी गिऱ्हायका रडत नाय? तू बदलतंस त्येंका?”

सुदेशने प्रिंटरमध्ये डोके घातले. पण काकींचे खरे कारण वेगळे होते आणि ते त्यांनी चहा देताना सांगितले. ह्या जुन्या ब्राउझरला सगळ्या वाडीची नावे पाठ होती. अर्जात एक अक्षर दाबले की पूर्ण नाव खाली उतरे. आणि ही नावे जगात दुसऱ्या कुणालाच पाठ नव्हती. वाडीत दाजी म्हणजे दाजी, बाबलो म्हणजे बाबलो. आधारवर त्यांची काय नावे आहेत हे काकींनी सात वर्षांपूर्वी एकदा बघून भरले आणि विसरून गेल्या. नावे ब्राउझरकडे, माणसे वाडीत, अशी वाटणी झाली होती.

“नव्यात ती नावा जातली?”

“साइटींचे पत्ते जातले. नावांचा सांगूक येवचा नाय,” सुदेश खरे बोलला.

काकींनी विचार केला. नुसता नको म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. एकतीस वर्षांत त्यांनी कुणालाही ‘जागा नाही’ हे तक्ता बघितल्याशिवाय सांगितलेले नव्हते.

“शर्यत लावूया,” त्या म्हणाल्या. “दोगांची. तीन दिवस, सकाळी आठाक, गर्दीच्या टायमाक. पैसे भरूच्या पानापर्यंत जावन मागे येवचा. जो जिकात तो ऱ्हवात.”

सुदेशला हे आवडले. आजवर त्याने दोनेकशे गिऱ्हाइकांना ब्राउझर बदलून दिले होते. सगळ्यांनी बदलला तो कुणाचा तरी भाचा म्हणाला म्हणून, आणि ज्यांनी बदलला नाही त्यांनी कुणाचा तरी भाचा नको म्हणाला म्हणून. हातात घड्याळ घेऊन दोघांना समोर उभे करणारे माणूस तो पहिल्यांदा बघत होता. त्याने नवा ब्राउझर घातला आणि म्हणाला, “करूया सुरू?”

“थांब. नवो उपाशी, जुनो सात वर्सा जेवलेलो. अशी शर्यत लावतत काय? जुन्याचा पोट साफ कर आदी. दोगांनी सारख्या पोटान धावूक व्हया.”

न्यायाच्या दृष्टीने यात खोट काढायला जागा नव्हती. सुदेश साफसफाईला बसला. काय काय पुसायचे, असे ब्राउझरने विचारले आणि चौकोनांची एक उतरंड दाखवली. दुकानात तो दिवसाला वीस यंत्रे साफ करतो. हाताच्या सवयीने त्याने वरपासून खालपर्यंत सगळ्या चौकोनांत खुणा केल्या आणि बटण दाबले.

मग काकींनी सवयीने एक अक्षर दाबले. खाली काही उतरले नाही. दुसरे दाबले. तिसरे दाबले. चौथे सुदेशने स्वतः दाबून बघितले. सात वर्षांची सगळी वाडी, पोराबाळांसकट, त्याने एका बोटाने पुसली होती.

त्याला पहिली भेट आठवली, ती शहाळी, ते बैल. तो खुर्ची सरकवून उठला. दार कुठल्या बाजूला आहे तेही त्याने बघून ठेवले.

काकी मात्र स्क्रीनकडे बघत होत्या.

“नव्यात नावा आसत?”

“नाय.”

“जुन्यात?”

“आता नाय.”

“मगे आता दोगेव सारखेच अडाणी. शर्यत बरोबर झाली. घड्याळ लाव.”

सुदेशने ही गोष्ट पुढे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. माणसाचे नुकसान झाल्यावर तो ओरडतो की नाही यावरून त्याची किंमत करू नये, असे तो म्हणे. नुकसान झाल्यावर तो पुढची पाळी कुणाची हे विचारतो का, ते बघावे.

शर्यत तीन दिवस चालली. प्रवासी म्हणून सुदेशचेच नाव घातले होते, त्यामुळे तीन सकाळी तो सहा वेळा मुंबईहून कुडाळला यायला निघाला आणि पैशांच्या पानावरून परत गेला. जुन्याने सरासरी चार मिनिटे दहा सेकंद घेतली. नव्याने एक मिनिट पस्तीस. काकींनी आकडे वहीत लिहिले, दोनदा पडताळले आणि जुन्याकडे, सेवानिवृत्तीच्या दिवशी साहेब कर्मचाऱ्याकडे बघतात तसे बघितले.

“नवो जिकलो,” त्या म्हणाल्या. “आता नावा गोळा करूया. आरक्षणाक पाच दिवस आसत.”

पाच दिवस काकी स्कूटरच्या मागच्या सीटवर छत्री धरून आणि सुदेश पुढे भिजत, अशी वाडीची शिरगणती झाली.

पहिले घर दाजींचे. दाजी ओसरीवर सुपारी कातरत होते. काकींनी वही उघडून त्यांची बायको जानकी हिला विचारले, “तिकिटाचा खाता दाजीच्या नावार. त्येचा खरा नाव काय गो?”

जानकी सत्तरीची. तिने पदर सावरला. “नाव कसा घेव मी त्येंचा?”

“तिकिटासाठी घेवचा. पाप लागाचा नाय.”

बरीच विनवणी झाली. शेवटी जानकी भिंतीकडे तोंड करून म्हणाली,

“माडावरचो नारळ पडलो माजघरी,
दाजींचा नाव घेतंय तिकिटाच्या दारी.”

उखाण्यातसुद्धा दाजीच आले.

“अगो, खरा नाव.”

“ह्याच खरा. दुसरा माका कोणी सांगूक नाय.”

काकी दाजींकडे वळल्या. दाजींनी अडकित्ता थांबवून प्रामाणिकपणे आठवले. “शाळेत कायतरी म्हणीत. पण शाळेत मी दोनच दिस गेलंय.”

शेवटी भाताच्या कणगीवरच्या पत्र्याच्या डब्यातून आधार कार्ड निघाले. त्यावर लिहिले होते, आत्माराम. काकींनी मोठ्याने वाचले. जानकीने नवऱ्याकडे नव्याने निरखून बघितले.

“बरा आसा नाव,” ती म्हणाली.

दुसरे घर लवूचे. त्याचे स्वतःचे नाव लवूच होते, ती अडचण नव्हती. अडचण धाकट्या सुनेची. तिला घरात सगळे ‘धाकल्याची’ म्हणत. लवूने मुंबईला थोरल्या मुलाला फोन लावला. “धाकल्याच्या बायलेचा नाव काय रे?” थोरला म्हणाला, “आवशीक विचार.” आवस, म्हणजे लवूची बायको, चुलीपासून ओरडली, “मी तिका चेडवाच म्हणतंय, लेकीसारखी ती.” एवढ्यात फोनवर बारीक आवाज आला. सूनच तिकडे येऊन उभी होती.

“आकांक्षा,” ती म्हणाली. “लग्नाक नऊ वर्सा झाली, बाबा.”

लवू त्या दिवशी जेवला नाही असे म्हणतात. मासे होते, म्हणजे थोडे जेवला असेल. पण पुढचे चार दिवस तो कुळीथ निवडताना ‘आकांक्षा, आकांक्षा’ असे पुटपुटत होता, हे सुदेशने स्वतः ऐकले.

महादूच्या दोन आधार कार्डांवर दोन जन्मसाले निघाली. काकींनी त्यातल्या खऱ्यावर खूण केली आणि महादूला दोन वर्षांनी म्हातारा करून पुढे निघाल्या. गुरुदासच्या घरी सगळी नावे बरोबर होती, त्यामुळे तिथे काकींचा विश्वासच बसला नाही आणि तासभर जास्त गेला. पाचव्या संध्याकाळी वहीत वाडी भरली. काकींनी ती नव्या ब्राउझरमध्ये भरली, आणि या खेपेला वहीत पण ठेवली.

आरक्षणाच्या सकाळी सुदेश सातलाच हजर झाला. चार कर्ते चार फोन घेऊन खळ्यात उभे. वर पावसाची बारीक पिरपिर होती म्हणून प्रत्येकाने फोनवर छत्री धरली होती, स्वतःवर नाही. सुदेशला रात्रभर जे बोलायचे होते ते तो आता बोलला.

“काकी, ह्या वर्सा पयला संचिताचा काढा. तीन वर्सा झाली.”

त्याला वाटले होते, खळ्यातले कोणीतरी तोंड वाकडे करील. झाले उलटेच. दाजी पुढे होऊन म्हणाले, “काढा, काकी. आमी कोण कायव म्हणूचो नाय.” मागून लवू म्हणाला, “तुमीच पयले.” महादू, गुरुदास माना हलवत होते. चार माणसांनी एकमताने काही करण्याचा वाडीतला तो बहुधा पहिलाच प्रसंग.

काकींनी चष्मा पुसला. डोळे पुसले असेही कोणी म्हणेल, पण सुदेश चष्माच म्हणतो.

“खिडकीवालीन पयला आपला तिकीट फाडल्यान, तर ती खिडकी नाय, चोरवाट. दाजी, मागे सरा. रांग सोडू नकात.”

आठ वाजले.

सुदेशने त्या दिवशी जे बघितले त्याला तो अजून ‘काम’ म्हणत नाही. नवा ब्राउझर नव्या बैलासारखा ताठ चालला आणि काकींनी त्याला तसाच हाकला. ओटीपीचा आकडा आला तसा दाजींनी तो देवाला गाऱ्हाणे घातल्यासारखा उंच सुरात सांगितला. “चार, सात, सात, दोन...” पाच दिवसांच्या तालमीने सगळे पढून तयार होते. कुणाचा चष्मा घरी राहिला नव्हता, कुणाचा फोन बंद पडला नव्हता. लवूने सुनेचे नाव काकींनी विचारण्याच्या आधीच खणखणीत सांगितले. “पुढचो,” काकी म्हणत, आणि पुढचा येई. दीड मिनिटाचे सव्वा मिनिट झाले. चौथे घर झाले तेव्हा आठ वाजून पाच मिनिटे झाली होती.

आणि काकी खुर्चीवरून उठल्या.

“काकी, खंय?” सुदेश जवळजवळ किंचाळला.

“खिडकीवालीन आपला तिकीट आपण फाडूचा नाय. तू बस.”

त्या दारातून बाहेर गेल्या, खळ्याला वळसा घालून खिडकीपुढे आल्या आणि गुरुदासच्या मागे उभ्या राहिल्या. गुरुदास घाईघाईने बाजूला झाला. काकींच्या हातातल्या फोनवर संचिता होती, ती म्हणत होती, “आई, नाय मेळला तर नाय. आज सुट्टी नाय माका, ठेव फोन.”

“गप ऱ्हव. रांगेत आसंय.”

सुदेश खिडकीत बसला. गजांपलीकडे काकी, चष्म्यावर पावसाचे थेंब, बाजूला चार माणसे माना उंचावून. त्याच्या तोंडून आपोआप निघाले,

“खंय जावचा?”

“माका नाय. चेडवाक घराक येवचा आसा.”

त्याने आकडे टाकले. नाव टाकले. ओटीपी काकींनी गजांतून सांगितला, सावकाश, नीट, उत्तम गिऱ्हाइकासारखा. गोल चक्र फिरत राहिले. चारही छत्र्या खिडकीकडे कलल्या. कोंबडीसुद्धा थांबली. मग पान उघडले. एक जागा उरली होती, बाजूचा वरचा बर्थ, जिथे उंच माणसाला पाय दुमडून निजावे लागते आणि संचिता पाच फूट आठ इंच. सुदेशने पैसे भरले. हिरवी अक्षरे आली.

“मेळला,” तो म्हणाला.

काकींनी मान हलवली, आणि रिवाजाप्रमाणे रांगेतून बाजूला झाल्या, मागच्याला जागा करून देण्यासाठी. मागे कोणीच नव्हते. मग त्या तिथेच, खळ्यात, पावसात थोडा वेळ उभ्या राहिल्या.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी संचिता घरी उतरली ती मैत्रिणीच्या मोटारीतून. पुढच्या सीटवर बसले की तिला गाडी लागत नाही, असे तिच्या लक्षात आले होते. तिकीट काकींनी आठवडाभर आधीच रद्द केले होते. घाई नव्हती, म्हणून जुन्या ब्राउझरमधून.